गड न चढता, शिवारातून: हिवाळ्यातली एका दिवसाची पायपीट आणि बांधाचा प्रश्न

मंदचाल

गेल्या रविवारी मी माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांसोबत पुरंदर तालुक्यातील सोनोरीच्या शिवारात दिवसभर पायी हिंडून आले. मल्हारगड समोरच उभा होता, परंतु वडिलांच्या गुडघ्यांनी त्याच्याकडे दुरूनच पाहून नकार दिला होता. त्यामुळे वर जायचे नाही हे घरूनच ठरले होते. सकाळी नऊ वाजता पानशांच्या वाड्यापासून निघालो आणि डोंगराच्या पायथ्याने, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जात दुपारी दोनच्या सुमारास परत गावात आलो. उठणे-बसणे, भाकरी खाणे आणि दिसेल त्या विहिरीत डोकावून पाण्याची पातळी सांगण्याची वडिलांची सवय, हे सगळे त्यात आले. पहाटे सासवडला स्वेटरवर शाल घ्यावी लागली होती. अकरा वाजता स्वेटर कमरेला बांधलेला होता आणि शाल पिशवीत होती. पौषातले ऊन अंगावर घेत चालताना वडील जेवढे बोलले, तेवढे ते घरी महिनाभरातही बोलत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. एका ठिकाणी वाट सापडेना, म्हणून आम्ही गहू आणि ज्वारी यांच्यामधल्या बांधावरून निघालो. गव्हात एक बाई दारे धरत होत्या, म्हणजे वाफ्यावाफ्याने पाणी सोडत होत्या. वडिलांचा पाय बांधाच्या ओल्या कडेवर पडला, वीतभर माती ढासळली आणि गव्हाचे पाणी ज्वारीत शिरू लागले. ज्वारी निसवून चिकात आलेली होती, म्हणजे कणसे बाहेर पडून दाणे दुधाळ झालेले होते. त्या बाई धावत आल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. चालत आल्या, फावड्याने दोन ढेकळे ओढून खांड बुजवले, वरून टाचेने दाबले आणि म्हणाल्या, "आजोबा, पाणी सोडलंय, बांधावनं नका येऊ. तिकडनं वढ्यानं जावा." एवढेच. आम्ही ओशाळून ओढ्याने गेलो. त्यांच्या आवाजात राग नव्हता, याचेच वडिलांना घरी आल्यावरही वाईट वाटत राहिले.

तर जाणकारांना माझी विचारणा अशी आहे, की शहरातून केवळ चालायला आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या बांधावरून जावे की जाऊ नये? आणि ज्यांना चढाई झेपत नाही, अशांना हिवाळ्यात डोंगराळ शेतीच्या मुलुखात दिवसभर चालता येईल अशा आणखी कोणत्या जागा आहेत?

सह्यवारी

मंदचाल, वर्णन आवडले, परंतु मल्हारगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन वर न जाणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय धुऊन परत फिरण्यासारखे आहे. सोनोरीच्या बाजूने चढ अगदीच बेताचा आहे. सावकाश चालणाराही तासाभरात वर पोहोचतो. १७५७ ते १७६० या काळात पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी हा गड बांधला, आणि मराठ्यांनी अगदी शेवटी बांधलेल्या किल्ल्यांत त्याची गणना होते. तटबंदीचा आकार साधारण त्रिकोणी असून आतल्या चौकोनी बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव यांची दोन लहान मंदिरे आहेत. दिवे घाटावर नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या जागेवरून काय काय दिसत असेल, हे खाली ज्वारीत उभे राहून कळणार नाही.

बांधाविषयी म्हणाल, तर मी वीस वर्षे डोंगर हिंडतो आहे आणि मला आजवर कोणी अडवलेले नाही. पायवाट सर्वांची असते.

दोन_शब्द

चंद्रभागेत पाय धुणाऱ्यालाही पुण्य लागतेच की.

कऱ्हेकाठचा

मी याच तालुक्यातला शेतकरी आहे. सोनोरीचा नाही, पण फार लांबचाही नाही. सह्यवारी यांना कोणी अडवले नाही, याचा अर्थ कोणाचे नुकसान झाले नाही असा होत नाही. आमच्याकडे अनोळखी माणसाला, त्यातही वयस्कर माणसाला, शिवारात उभे करून बोलण्याची रीत नाही. माणूस गेल्यावर आम्ही आपसात काय बोलतो, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

बांध आणि पायवाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायवाट माणसाच्या पायाने घट्ट झालेली असते. बांध हा पाणी अडवण्यासाठी आणि हद्द दाखवण्यासाठी असतो, आणि पिकाला पाणी चालू असताना तो आतून लोण्यासारखा मऊ झालेला असतो. गव्हाला पाणी लागते तेव्हा चिकातल्या ज्वारीला ते जास्त झालेले चालत नाही. बूड ओले असताना वारा सुटला, की ताटे आडवी होतात आणि आडव्या पडलेल्या ज्वारीचा कडबाही धड हाती येत नाही. त्या बाईंनी दोन ढेकळांत काम भागवले, कारण त्या तेथे होत्या. त्या घरी असत्या, तर वडिलांना कळलेही नसते आणि संध्याकाळपर्यंत ज्वारीत तळे झाले असते.

आणखी एक सांगतो. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस रात्री बारा ते सकाळपर्यंत थंडीत, गुडघाभर चिखलात उभा राहून पाणी देतो आणि सकाळी दहा वाजता झोपलेला असतो. तुम्ही येता तेव्हा शिवार मोकळे आणि निवांत दिसते, त्याचे कारण पुष्कळदा हे असते. त्या वेळी सगळे बांध ओले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

हरभऱ्याच्या रानातून तर सकाळी मुळीच जाऊ नये. हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट पाणी, असते. दहिवरात, म्हणजे पहाटेच्या दवात, ती कपड्यांना लागते, पायाला खाज सुटते आणि चामडी बुटांचा रंग उडतो. जुनी माणसे रात्री हरभऱ्यावर स्वच्छ धोतर पसरून ठेवत आणि सकाळी ते पिळून ती आंब पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवत. कोवळेपणी शेंडे खुडले तर हरभरा उलट जास्त फुटतो, म्हणून भाजीपुरते कोणी मूठभर तोडले तर आम्हाला काही वाटत नाही. फुलावर आल्यावर मात्र प्रत्येक शेंडा म्हणजे घाट्यांचा, म्हणजे शेंगांचा, हिशेब असतो.

अंजिराच्या बागेत बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नये. हे दिवस खट्ट्या बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या बहाराच्या, तोडणीचे आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पाहुणे वाढले आहेत, आणि "एकच घेतो" म्हणणारे प्रत्येकी एक घेतात. पिकलेले अंजीर बोट लागले तरी डागळते, आणि कच्चे तोडले तर त्याचा चीक तोडणाऱ्याच्याच हाताला लागून आग होते. त्यामुळे दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा तेथल्या तेथे मिळते, पहिल्याची मिळत नाही.

मंदचाल, तुमच्या वडिलांना सांगा, की त्या बाई तो प्रसंग त्याच दिवशी विसरल्या असतील. विहिरीत डोकावणारा माणूस मुळातला शेतकरी असतो, असे आम्ही समजतो.

मंदचाल

कऱ्हेकाठचा, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. त्यांचे वडील शेती करत होते. यांनी मात्र पूर्ण नोकरी शहरात केली. "दहिवर" हा शब्द ऐकून ते बराच वेळ गप्प होते.

पांढरा_कांदा

बांधाविषयी एक मूलभूत अडचण कोणी सांगितलीच नाही. कागदोपत्री बांध हातभर रुंद असतो, पण दोन्हीकडचे भाऊ दर वर्षी नांगराच्या एकेका तासाने, म्हणजे सरीने, तो कोरत असल्यामुळे प्रत्यक्षात तो चिमणीला बसण्यापुरताच उरतो. तेव्हा मंदचाल यांच्या वडिलांचा पाय घसरला, त्यात त्यांचा दोष नसून शेजारच्या भावकीचा आहे.

आमच्याकडे अलिबागेत या दिवसांत चालून दमल्यावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि ऐपतीप्रमाणे आणखी काही घालून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पुरंदरच्या मंडळींनी हुरड्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो एकदा पोपटी खाऊन झाल्यावर बाळगावा.

जुना_भूमापक

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो आहे. सह्यवारी यांचे "पायवाट सर्वांची असते" हे वाक्य अर्धे बरोबर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रत्येक गावाचा एक गाव नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी ८.२५ फूट धरली जाते. हा आकडा विचित्र वाटतो, पण जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि सव्वाआठ फूट हा तिचा चौथा हिस्सा आहे. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. नकाशावर ज्या वाटा अशा रीतीने आहेत, त्या खरोखरच सर्वांच्या आहेत. शिवारातून गाडी आणि गुरे नेण्याचा जो दोन्ही बाजूंनी बांध-काटेरी झाडी असलेला खोलगट रस्ता असतो, ती पाणंद, तीही सर्वांची. बाकीच्या पुष्कळशा वाटा वहिवाटीच्या आहेत, म्हणजे अमक्या वस्तीवरच्या लोकांनी तमक्याच्या रानातून वर्षानुवर्षे जायचे, अशा समजुतीवर चालत आलेल्या आहेत.

कायद्यात बांधाचा उल्लेख आहे, पण तो तुमच्या-माझ्यासारख्या फिरस्त्यांसाठी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार, स्वतःच्या जमिनीपर्यंत जायला वाट नसलेल्या खातेदाराला इतरांच्या जमिनींच्या हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. आधीपासून असलेली वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. दोन्ही तरतुदींत मध्यवर्ती माणूस शेतकरीच आहे. केवळ हवा खायला निघालेल्या माणसाचा बांधावरून जाण्याचा हक्क आपल्याकडे कोठेही लिहिलेला नाही. तो मालकाच्या मर्जीवर, म्हणजे खरे तर त्याच्या भलेपणावर, चालतो.

पांढरा_कांदा यांचे निरीक्षण अचूक आहे. माझ्या नोकरीतील निम्मी मोजणी चिमणीला बसण्यापुरत्या बांधांसाठीच झाली.

डर्बीशायरी

मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील डर्बीशायरमध्ये राहते. येथेही डोंगराळ मुलूख, दगडी गडग्यांनी वाटून घेतलेली कुरणे आणि मेंढ्या आहेत. जुना_भूमापक यांनी लिहिले, ते वाचून दोन्हीकडचा फरक सांगावासा वाटला. येथे सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा असतो आणि ती वाट कोणाच्याही शेतातून गेलेली असली, तरी चालणाऱ्याला तीवरून जाण्याचा कायदेशीर हक्क असतो. शेतकऱ्याला शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरता येते, परंतु चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्यायोग्य करून द्यावी लागते. शेताच्या कडेने जाणारी वाट मात्र त्याला मुळीच नांगरता येत नाही. आपल्याकडे जो बांध दोघे भाऊ कोरून संपवतात, त्याला येथे हात लावता येत नाही, हे लक्षात आल्यावर मला फार हसू आले.

हा हक्क त्यांनाही फुकट मिळालेला नाही. येथून जवळच असलेल्या किंडर स्काउट या डोंगरावर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार मुद्दाम बंदी मोडून चढले होते आणि त्यांतील काहींना तुरुंगात जावे लागले होते. डोंगर तेव्हा धनिकांच्या शिकारीसाठी राखलेले होते.

तरीही एक गोष्ट कबूल करते. दर वर्षी संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी आम्ही चार मराठी कुटुंबे येथे चालायला जातो. पाच-सहा अंश तापमान, घोट्यापर्यंत चिखल आणि साडेतीनलाच कलणारा दिवस. वाटेवर माझा पूर्ण हक्क असतो. पण "वढ्यानं जावा" असे सांगणारे कोणी भेटत नाही. शेतकरी ट्रॅक्टरवरून हात करतो आणि निघून जातो.

कऱ्हेकाठचा

डर्बीशायरीताई, चौदा दिवसांचा नियम आमच्या गावात लावायचा ठरल्यास ग्रामसभा चौदा दिवस चालेल.

माळटिटवी

माझा विषय पक्षी आणि गवत, म्हणून तेवढेच लिहिते. सह्यवारी यांना जे गडावरून दिसते, त्यापेक्षा हिवाळ्यात शेताच्या कडेला अधिक दिसते, असे माझे मत आहे. कारण थंडीत येणारे पाहुणे पक्षी पिकात, पडीक माळावर आणि गडग्यांवरच असतात. कृष्ण थिरथिरा नावाचा चिमणीएवढा पक्षी कोरड्या दगडी बांधावर बसून तांबूस शेपटी सारखी थरथरवत असतो. वडिलांना दाखवायला सोपा, कारण तो फार लांब उडून जात नाही. गवताच्या माळावरून अगदी खालून, झाडू मारल्यासारखा तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला, तर तो भोवत्या. तोही परदेशातून येतो. ज्वारी हुरड्यात येऊ लागली, की भोरड्यांचे थवे येतात आणि मग कऱ्हेकाठचा यांच्यासारख्यांना गोफण घेऊन रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभे राहावे लागते. भोरड्या टोळ आणि नाकतोडेही खातात, हे त्यांच्या बाजूने सांगून ठेवते. शेतकरी ते ऐकून घेतात, पण गोफण खाली ठेवत नाहीत.

मंदचाल यांच्या शालीबद्दलही थोडे सांगते. सासवडला कऱ्हेच्या काठी जेवढी थंडी असते, तेवढी पहाटे डोंगराच्या सोंडेवर नसते. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. म्हणून सकाळी ओढ्याकाठी धुके आणि शंभर-दीडशे फूट वर उबदार ऊन, असा प्रकार दिसतो. वयस्कर माणसांना नेताना सुरुवात खोलगटातून करण्याऐवजी उताराच्या मध्यावरून करावी, म्हणजे शाल घरी ठेवता येईल.

मोज्यांविषयी सूचना अशी, की लोकरीचे मोजे नकोत. या दिवसांत कुसळी गवत वाळलेले असते आणि त्याची कुसळे स्क्रूप्रमाणे पीळ घेत कापडात शिरतात. सुती मोजा, त्यावर पायजम्याचे टोक खाली ओढलेले, एवढे पुरते.

कऱ्हेकाठचा

माळटिटवी यांचे थंड हवेचे म्हणणे आम्ही अनुभवाने जाणतो. आमच्या आजोबांनी अंजीर लावताना ओढ्यालगतचा खोलगट तुकडा मुद्दाम सोडला होता. तेथे गारठा बसतो आणि फळ पिकायचे थांबते. भोरड्यांविषयी माझे मत मी राखून ठेवतो.

येळवसकर

मी लातूरचा. येथील चर्चा वाचून सारखे वाटत होते, की आमच्याकडे हा प्रश्न वर्षातून एक दिवस तरी आपोआप सुटतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे आणि सोलापूरच्या काही भागांत शहरातली माणसेही झाडून शेताकडे चालू लागतात. दुपारी बाजारपेठेत चिटपाखरू दिसत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, उभारतात, आत पांडव मांडून पूजा करतात आणि मग जेवण. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे आणि हाताला येईल ती भाजी बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातले आंबील. त्या दिवशी ज्याला स्वतःचे शेत नाही, त्यालाही कोणी ना कोणी घेऊन जातेच. वाटेने चाललेल्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवण्यात मोठेपणा मानतात. बांधावरून का आलास, असे कोणी विचारत नाही; जेवल्याशिवाय कसा चाललास, असे विचारतात.

बालाघाटाच्या डोंगररांगेच्या बाजूला शिवार चढउताराचे आहे, उंच चढ मात्र नाही. मंदचाल, पुढच्या वर्षी वडिलांना घेऊन या. मात्र आंबील किती प्यावे हे त्यांना आधीच सांगून ठेवा. माझे मेव्हणे गेल्या वर्षी चार तांबे पिऊन कोपीतच दिवस मावळेपर्यंत झोपले होते.

पांढरा_कांदा

चार तांबे आंबील आणि उबदार कोप, यालाच मी आदर्श पदभ्रमण म्हणतो.

जुन्नरी

मंदचाल यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेले नाही, म्हणून मी वळतो. पण आधी एक सावधगिरीची सूचना. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात बागायती पट्ट्यातील उसात बिबट्यांचा कायमचा मुक्काम आहे. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली, की ते एका फडातून दुसऱ्या फडात हलतात. तेव्हा उसाच्या कडेने पहाटे किंवा तिन्हीसांजेला चालू नये, लहान मुलांना मागे राहू देऊ नये आणि वाकून फुले-गवत न्याहाळत बसू नये. शेतीपंपाला दिवसा वीज द्या, ही आमच्याकडची मागणी मुख्यतः याच भीतीपोटी आहे. रात्री दारे धरणाऱ्याच्या हातात फावडे आणि डोक्यात बिबट्या असतो.

आता जागेविषयी. जुन्नर तालुक्याचाच पश्चिमेकडचा, आपटाळे-चावंड-घाटघरकडचा भाग निराळा आहे. तेथे ऊस नाही. पावसाळी भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरई. भात कार्तिकापर्यंत कापून झालेले असते आणि मग खाचरे रिकामी पडतात. खाचरांचे बांध पाणी तुंबवण्यासाठी बांधलेले असल्याने चांगले रुंद आणि घट्ट असतात, हिवाळ्यात ते कोरडे असतात आणि त्यांवरून सगळे गाव ये-जा करते. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर यांच्या पश्चिम भागातही हेच चित्र आहे. म्हणून माझा ठोकताळा असा आहे, की हिवाळ्यात बांधावरून चालायचे असेल तर एकपिकी भाताच्या मुलुखात जावे, आणि रब्बीच्या मुलुखात पाणंद सोडू नये. भाताच्या मुलुखातही काही खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल, मसूर किंवा हरभरा टाकलेला असतो. तेवढी खाचरे पाहून टाळावीत. येथे सकाळी लवकर निघायचीही घाई नको, कारण उन्हाचा त्रास एक वाजेपर्यंत होत नाही आणि हिरड्याची सावली पुष्कळ आहे.

जुना_भूमापक

जुन्नरी यांचा ठोकताळा कोणत्याही शासन निर्णयापेक्षा स्पष्ट आहे.

सह्यवारी

दोन दिवस विचार करून लिहीत आहे. "पायवाट सर्वांची" हे मी सवयीने लिहिले होते. आम्ही किल्ल्यांवर जाणारे लोक पहाटे अंधारात गावातून निघतो, डोक्यात माथा असतो, आणि पायथ्याचे शिवार म्हणजे लवकर ओलांडून टाकायचा भाग, असे आम्ही धरून चालतो. वीस वर्षांत मला कोणी अडवले नाही, याचे एक कारण असेही असेल, की मी जातो तेव्हा रात्रपाळी करून दमलेला माणूस नुकताच आडवा झालेला असतो. हे माझ्या कधी मनात आले नव्हते.

मल्हारगडाविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. मंदचाल, वडिलांना निदान अर्ध्या सोंडेपर्यंत न्या. तेथून पुरंदर आणि वज्रगड शेजारी शेजारी दिसतात.

दोन_शब्द

अर्ध्या सोंडेपर्यंत गेल्यास अर्धे पुण्य.

मंदचाल

सर्वांचे आभार. काल, भोगीच्या आदल्या दिवशी, आम्ही पुन्हा सोनोरीला गेलो, त्याचा वृत्तान्त लिहिते.

माळटिटवी यांचे ऐकून या वेळी थोडे उशिरा आणि थोडे वरून सुरुवात केली. शाल नेली नव्हती. गावात एका दुकानदाराला विचारल्यावर त्यांनी पाणंद दाखवली. गेल्या खेपेस ती आम्हाला कोरडा ओढा वाटली होती आणि आम्ही तिला चुकवूनच बांधावर गेलो होतो. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी आणि मध्ये गाडीच्या चाकोऱ्या. सह्यवारी यांच्या सूचनेप्रमाणे सोंडेवर निम्म्याच्या जरा अलीकडे, एका सपाट खडकापर्यंत गेलो. पुरंदर आणि वज्रगड दिसले. वडिलांनी मात्र पाठ तिकडे केली आणि खाली पाहून पिके मोजली: ज्वारी, गहू, हरभरा, कांदा, पावटा, एक पट्टा शेवंतीचा, आणि पाने गाळून बसलेली सीताफळे. भोगीच्या भाजीतले काय काय या एका शिवारात मिळेल, याचा हिशेब त्यांनी केला. गाजर तेवढे दिसले नाही. कृष्ण थिरथिराही दिसला, आणि त्याची शेपटी पाहून वडील म्हणाले, की याला थंडी वाजते आहे.

उतरताना त्याच रानापाशी आलो. पाणी सोडलेले नव्हते, बांध वाळून पांढरा पडला होता आणि ज्या ठिकाणी खांड पडले होते, तेथे टाचेचा ठसा तसाच वाळून राहिला होता. त्या बाई ज्वारीच्या कडेला कणसे पाहत होत्या. वडिलांनी पाणंदीतूनच हाक मारली आणि येऊ का, म्हणून विचारले. त्यांनी मान वर करून पाहिले, वडिलांची टोपी ओळखली, आणि म्हणाल्या, "या की. आज कोरडंय."

वडील बांधावरून गेले. मी पाणंदीतच उभी राहिले, कारण माझ्या हातात दोन पिशव्या होत्या आणि माझ्या पायांवर माझा तेवढा विश्वास नव्हता. तिळाच्या वड्यांचा डबा वडिलांनी त्या बाईंना दिला, त्याच डब्यात परत येताना ज्वारीची चार कणसे होती. एक कणीस त्या बाईंनी तेथेच हातावर चोळून, फुंकर मारून, वडिलांना चाखायला दिले होते. अजून आठ दिवस लागतील, असे दोघांचेही मत पडले.

कऱ्हेकाठचा

आठ दिवस बरोबर आहेत. ज्वारी गूळभेंडी वाणाची असेल तर त्याहून लवकर. पुढच्या रविवारी आमच्या वस्तीवर हुरडा भाजायची आगटी पेटणार आहे. मंदचाल, वडिलांना घेऊन या, लसणाची चटणी आमच्याकडची, भाजलेली कणसे चोळायला हात तुमचे. सह्यवारी, तुम्हीही या, आमच्या मागे चढायला एक टेकडी आहे. पांढरा_कांदा यांनी मडके घेऊन यावे, म्हणजे पोपटीचा निकाल लागेल.

पांढरा_कांदा

मडके आणतो. भांबुर्डा तुमच्याकडे मिळतो का, एवढे आधी कळवा.

कऱ्हेकाठचा

मिळतो. पाणंदीच्या कडेला.